ही ओळ कुणाची?

सरांनी आमच्या केंद्रात पाऊल टाकल्यावर पहिलं काम काय केलं, तर भिंतीवरची कॅलेंडरं फाडली. ज्या कॉम्प्युटरसाठी त्यांना बोलावलं होतं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. भिंतीवर चार कॅलेंडरं होती. किराणावाल्याचं, पतसंस्थेचं, सराफाचं आणि एक आमचं स्वतःचं, गणपतीचं. गॅस सिलिंडर लावल्याची तारीख एकावर, दूधवाल्याचे खाडे दुसऱ्यावर आणि मुलगी बघायचे कार्यक्रम जे हाताशी येईल त्याच्यावर. सरांनी तीन ओढून काढली, बोळे केले आणि काकूंना म्हणाले, "चार ठिकाणी तारखा लिहिता. चारही वेगळं बोलणार. खरी कुठली धरता?"

"अहो, ते सराफांचं होतं! नवं कोरं!" काकू किंचाळल्या.

"नवं खोटं," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोळे करून टाकायला काय जातं? त्यावरच्या तारखा मला लागणार होत्या. टोपलीतून ते बोळे काढायचे, मांडीवर सरळ करायचे आणि सगळं गणपतीवर उतरवायचं, हा उद्योग मी दुपारभर केला. तेव्हा कळलं की एकाच मुलीला एकाच सकाळी दोन वेगळ्या घरचे लोक बघायला जाणार होते. एक तारीख काकूंनी सराफावर लिहिली होती, दुसरी पतसंस्थेवर. म्हणजे सर बरोबर होते. माणूस एखाद्या वेळी इतका उद्धटपणे बरोबर असतो, की तो चुकीचा असता तर बरं झालं असतं असं वाटतं.

हे पंचवटीतल्या एका गल्लीतलं वधूवर सूचक केंद्र. साल नव्वदच्या पुढचं, कॉम्प्युटर आहे म्हटलं की लोक चप्पल बाहेर काढायचे तेव्हाचं. काकू मालकीण. घराच्या पुढच्या खोलीत केंद्र, मागच्या खोलीत संसार, आणि फोडणीचा वास दोन्हीकडे. मी कॉम्प्युटरवर बसायचे. लोक फॉर्म भरून द्यायचे, मी टाइप करायचे, आणि ज्यांना स्थळ हवं त्यांना प्रिंटरवर करकर आवाज करत पत्रक काढून द्यायचे. नाव, शिक्षण, उंची, रास, वडील काय करतात, मामा कुठले, भावंडं किती आणि कोण कुठे दिलंय. असं एक पान.

मी तिथे का होते तेही सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी कुजबुजायला नको. मला देवळ्याला दिली होती. घर मोठं, कांद्याची चाळ मोठी आणि नवऱ्याचा हात त्याहून मोठा. वर्षभरात नाना स्वतः आले आणि मला घेऊन गेले. नाना म्हणजे माझे वडील, मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा. पुढे रीतसर घटस्फोट झाला. मग जो येईल तो मला एकच ऐकवायचा, एका हाताने टाळी वाजत नाही. टाळी नसेल वाजत. थोबाडीत एका हातानेच वाजते. पण हे तोंडावर बोलले की लोक म्हणायचे, बघा, ही अशी तोंडाळ, म्हणूनच परत आली.

आणि माझ्या पाठची वैशाली. वैशी. हुशार, देखणी, माझ्यापेक्षा शांत. तिचं लग्न जमत नव्हतं. का जमत नव्हतं, ते घरात कुणी बोलत नव्हतं, आणि रोज ताटावर बसलं की तेच न बोललेलं वाढलं जायचं.

तर सरांना का बोलवावं लागलं ते. आडगावकडच्या एका घरातल्या तिघा भावंडांची नावं आमच्याकडे होती. त्यांचे वडील वारले. मुलाने फोन करून कळवलं, काकूंनी मला सांगितलं, "त्या मुलाचं दुरुस्त कर गं," आणि मी केलं. पण वडील तिघांच्याही ओळीत लिहिलेले. दोघी बहिणींच्या ओळीत ते ठणठणीत जिवंत, वर 'द्राक्ष बागायतदार' म्हणून. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून त्या घरी थोरलीला बघायला पाहुणे गेले. मुलाचे वडील हातात आमचं पत्रक घेऊन ओसरीवर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "बागायतदार कुठे आहेत? का पाहुणे आले तरी बागेतच?" आत त्या मुलीच्या आईने जो हंबरडा फोडला! हार घातलेला फोटो त्या पाहुण्याच्या डोक्याच्या बरोब्बर वर होता.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा केंद्रात आला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, "माझा बाप तुम्ही एकदा मेला म्हणता, दोनदा जिवंत म्हणता. ठरवा काय ते!"

काकूंनी सगळं माझ्यावर ढकललं, मी कॉम्प्युटरवर ढकललं, आणि कुणीतरी सरांचं नाव सुचवलं.

सर म्हणजे खरं तर कुणाचेच सर नव्हते. सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते, तिथून भांडून बाहेर पडले. साहेबाच्या दोन केबिन आहेत, त्यातली एक फालतू आहे, असं ह्यांनी भर मीटिंगमध्ये साहेबालाच सांगितलं म्हणे. त्यानंतर सिडकोत एका खोलीत राहून लोकांचे बिघडलेले प्रोग्रॅम नीट करून द्यायचे. लूनावरून यायचे. अंगात इस्त्री नसलेला पांढरा शर्ट, खिशाला लाल रिफिलचं एकच पेन. सगळ्यांना अहो-जाहो. अगदी दारात आडव्या पडलेल्या कुत्र्यालासुद्धा "अहो, सरका" म्हणायचे. आणि इतक्या आदराने बोलणारा माणूस दिवसभर फक्त चिडलेला असायचा.

कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची नाही, हा त्यांचा नेम. मी एकदा विचारलं, "सर, ती फ्लॉपी कुठली म्हणालात?"

"सांगितलं होतं."

"हो, पण मी विसरले."

"मी एकदा दिलं. तुम्ही ठेवलंत कुठे? तिथून काढा." आणि खरंच नाही सांगितलं! मी सगळ्या फ्लॉप्या एकेक करून घालून बघितल्या. मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण त्यानंतर त्यांचं बोलणं मी कान टवकारून ऐकायला लागले, हेही खरं.

लग्नपत्रिकांचं तर विचारू नका. ज्यांचं आमच्याकडून जमायचं ते पत्रिका आणून द्यायचे, आणि काकू त्या कौतुकाने भिंतीला चिकटवायच्या. सर चहा पिता पिता उठायचे, खिशातलं लाल पेन काढायचे आणि पत्रिकेतल्या ज्या गोष्टी दोनदा छापल्यात त्यांवर काट मारायचे. नवरदेवाच्या वडिलांचं नाव वर, मध्ये आणि खाली. कार्यालयाचा पत्ता दोन ठिकाणी. वार, तिथी, तारीख, परत वार. काकू तोंडावर पदर धरायच्या. "अहो, शुभकार्याच्या कागदावर लाल रेघा! अपशकुन हो!"

"नवरदेवाचा बाप तीनदा आलाय, नवरदेव एकदा. लग्न कुणाचं आहे?" असं म्हणून ते पुन्हा चहाला लागायचे. स्वतःला पत्रिका आली, तर तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहायची आणि पत्रिका टोपलीत. तारीख भिंतीवर आली, आता हा कागद तेच दुसऱ्यांदा सांगणार, मग कशाला ठेवा? असा हिशोब. अशा माणसाला लग्नाला बोलवावं की नाही, हाच प्रश्न.

आमचा प्रोग्रॅम काकूंच्या भाच्याने करून दिलेला. एकच टेबल, पसरट, रकान्यांचं. त्या एका ओळीत माणसाचं सगळं गणगोत कोंबलेलं. सरांनी ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले, दाढ दुखल्यासारखे.

"बाई," ते मला म्हणाले, "त्या आडगावच्या मुलाला बाप किती?"

"एक."

"नक्की?"

"अहो, काय विचारता काय!"

"मग इथे तीन का? तुम्ही एक मारलात, दोन शिल्लक राहिले. बाप एक आहे, तर एकदाच लिहा. एका जागी. त्याच्या पोरांच्या ओळीत फक्त घराचा नंबर टाका. बाप मेला, पत्ता बदलला, एकाच जागी खोडा, सगळीकडे खोडलं जातं." मग मला समजावं म्हणून नाही, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ह्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. नाव मोठं आहे. गोष्ट एवढीच, की एक खरं एकाच ठिकाणी ठेवायचं."

मग त्यांनी काकूंचं दुसरं एक प्रकरण उकरलं. एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की काकू पेढा खायच्या आणि मला सांगायच्या, "उजवली गं, पुसून टाक तिला." मी तिची ओळ पुसायचे. ओळीबरोबर तिच्या घरचा पत्ता, वडिलांचं नाव, मामाचं गाव, सगळं जायचं. मग दोन वर्षांनी तिचा धाकटा भाऊ आला की पुन्हा पहिल्यापासून लिहून घ्यायचं.

"लग्न झालं म्हणून पोरीला पुसता?" सर उभेच राहिले. "आणि तिच्याबरोबर तिच्या बापाचं घरसुद्धा?"

"अहो, आता तिचं काय काम आमच्याकडे? ती दिली!"

"दिली म्हणजे नाहीशी झाली? काकू, तुम्ही केंद्र चालवता की खोडरबर?"

काकूंनी पदराने वारा घेतला. मला हसू आलं आणि लगेच विरलं. दिली की पुसली. माझीही ओळ अशीच कुठेतरी पुसली गेली असणार ना? मी परत आले तेव्हा शिधापत्रिकेवर माझं नाव चढवायला नाना किती फेऱ्या मारत होते, ते आठवलं.

असे ते आठवडाभर येत होते. पसरट टेबलाचे तुकडे पाडत होते. घरं वेगळी, माणसं वेगळी, लग्नं वेगळी. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून एकच विचारायचे, "ही ओळ कुणाची? मग त्याच्याबद्दलच बोला." वडिलांचा धंदा मुलाच्या ओळीत? काढा. मामाचं गाव? काढा, घराकडे ठेवा. लोक बाजारात मेथीची जुडी सोडवून निवडतात ना, तसं चाललं होतं. मला मजा यायला लागली होती, मी खोटं कशाला बोलू? दिवसभर दुसऱ्यांच्या उंच्या आणि राशी बडवण्यापेक्षा हे बरं होतं.

आणि मग ते भावंडांच्या रकान्यावर आले. चालवून बघायला त्यांनी कुठलंतरी एक पान उघडलं. त्यांना काय ठाऊक कुणाचं ते. मोठ्याने वाचलं, "कुमारी वैशाली. बी.ए. पाच फूट दोन. थोरली बहीण घटस्फोटित, माहेरी." थांबले. "ही ओळ कुणाची?"

मी प्रिंटरमधला कागद सरळ करायला लागले.

"बाई, विचारतोय. ओळ कुणाची?"

"वैशालीची."

"मग ही थोरली इथे काय करतेय? हिचा काय संबंध? काढा बाहेर हिला!"

माझा तोल सुटला. मी कीबोर्ड ढकलला आणि ओरडले, "ती थोरली मी आहे! मीच टाइप केलंय ते! माझ्या हाताने! फॉर्ममध्ये रकाना आहे म्हणून! कुठे काढता बाहेर? आधीच काढून आणलीय मला एका घरातून!"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सर माफी मागतील, किंवा काहीतरी गोड गोड बोलतील. ते तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. स्क्रीनवर नावं वरखाली करत होते.

"तुमची ओळ दिसत नाही," ते म्हणाले.

"नाहीच आहे. मला कुठे परत लग्न करायचंय?"

"लग्नाचं कोण बोलतंय? मी माणसं नोंदवतोय." आता ते माझ्याकडे वळले, आणि मी त्यांना तोवर कधी बघितलं नव्हतं इतके चिडलेले होते. "तुमची स्वतःची ओळ नाही, आणि तुम्ही दुसरीच्या ओळीत डाग म्हणून राहता? कुणी राहायला सांगितलं?"

मला रडू नाही आलं. त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. कारण ते खरं होतं. काकूंच्या यंत्रात, नातेवाइकांच्या तोंडात, देवळ्याच्या आणि मखमलाबादच्या अख्ख्या रस्त्यावर मी म्हणजे कोण, तर वैशीच्या लग्नातली अडचण. बस. मी बी.कॉम. होते, मी नाशिकमधल्या पहिल्या काही कॉम्प्युटरवाल्या मुलींपैकी होते, मला गुलाबाचे डोळे भरून कलमं करणं नानांपेक्षा चांगलं जमत होतं, हे लिहायला जागाच कुठे होती?

सरांनी माझी ओळ घातली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, उंची विचारली. मी दात ओठ खात उत्तरं दिली. वैशीच्या ओळीतून मला काढलं. नवीन पत्रकात ज्याचं पत्रक त्याचंच छापलं जाणार, खाली घराचा पत्ता.

काकूंना ते रुचलं नाही. त्या काही वाईट बाई नव्हत्या. मला म्हणाल्या, "अगं, लोक विचारणारच ना? आधी लिहिलेलं बरं. मग लपवलं म्हणतात."

"विचारू द्या," सर म्हणाले. "घरी जाऊन, तोंडावर विचारू द्या. तुमच्या यंत्राने चहाड्या करू नयेत."

नव्या पत्रकावर वैशीला बघायला नामपूरचे लोक आले. जुन्या पत्रकावर कुणी उंबऱ्यापर्यंतसुद्धा यायचं नाही, कागद परत यायचा. हे आले. मुलगा नाशिकलाच नोकरीला, साधा, बरा. वैशीशी नीट बोलला. नानांनी कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगितलं, "थोरली माझी घरीच हाय. लय सोसलं तिनं, मीच घेऊन आलो. शिकेल हाय, नोकरी करती. लपवायचं काय नाय." पाहुण्यांनी मान डोलावली, पोहे दोनदा घेतले, कळवतो म्हणाले. मी आतून ऐकत होते. माझ्या बापाचा मला तेव्हा जितका अभिमान वाटला तितका कधीच वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलाचे काका केंद्रात हजर. कांद्याचे व्यापारी. बाजारात हाताने सोलत असतील, इथे नाकाने सोलत होते. पत्रक फडफडवत काकूंना म्हणाले, "ही फसवणूक आहे. थोरली घरी बसलेली आहे हे कागदावर का नाही? आधी कळलं असतं तर आम्ही आलोच नसतो."

कोपऱ्यातून सर म्हणाले, "म्हणूनच काढलं."

"तुम्ही कोण?"

"मुलगी आवडली का नाही?"

काका अहिराणीवर घसरले. "पोर चांगली शे, आम्ही कोठे नही म्हनतस? पन तिनी मोठी बहीन घर बठेल शे, हाई कागदवर का बरं नही?"

मी तिथेच बसले होते, हातभरावर. त्यांना कळलं नाही, किंवा कळूनही पर्वा नव्हती.

सरांनी कॉम्प्युटर पुढे ओढला. "बरोबर आहे तुमचं. घरातल्या सगळ्यांचं लिहायला हवं. मुलाच्या पत्रकापासून करू. मुलाचे काका तुम्हीच ना? सांगा. व्यसन? कोर्टात केस? भावाभावांत वाटणीवरून भांडण?"

काका लालबुंद झाले. "मन्हं कसाले लिखस तू? लगीन पोऱ्यानं शे!"

"शाबास!" सर टेबलावर थाप मारून ओरडले. "इतके दिवस मी ह्या बाईंना हेच सांगतोय! लग्न पोराचं आहे. ओळ पोराची आहे. मग पोरीला दुसरा कायदा का?"

काका उठले, पत्रकाचे दोन तुकडे केले आणि निघून गेले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय! स्थळ मोडलं.

मी सरांच्या मागे रस्त्यावर धावले. ते लूनाला पॅडल मारत होते आणि ती चालू होत नव्हती. मी काय काय बोलले, आता सगळं आठवत नाही. "तुमचं टेबल झालं सरळ! माझ्या बहिणीचं काय? तुम्हाला एक दिवस शहाणपणा दाखवायचा होता, भोगणार ती! चोर सोडून संन्याशाला फाशी!" असलं बरंच. जाणारे येणारे थांबून बघत होते.

सरांनी पॅडल मारणं थांबवलं. "तुम्ही म्हणता ते खरं आहे," ते म्हणाले. "ती भोगणार. पण त्या माणसाला हवं ते छापून दिलं असतं, तर तो आलाच नसता. तेव्हाही तीच भोगत होती. फक्त आवाज होत नव्हता." आणि लूना चालू झाली, आणि ते गेले. मला त्यांचा इतका राग आला की घरी जाईपर्यंत एकटीच बडबडत होते.

काकूंनी त्याच संध्याकाळी भाच्याला बोलावलं. जुन्या फ्लॉपीवरून पसरट टेबल परत चढलं. आडगावचे वडील पुन्हा दोन ठिकाणी जिवंत झाले. माझी नवी ओळ गेली. आणि वैशीच्या ओळीत मी परत जाऊन बसले, घटस्फोटित, माहेरी.

सकाळी काकू म्हणाल्या, "झालं गेलं विसर. वैशालीचं पत्रक नव्याने काढ. नीट, सगळं असलेलं." मी काढलं. प्रिंटर करकरत होता तेवढ्यात वैशी दारात आली. तिने हात पुढे करून कागद घेतला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या सावकाश फाडल्या आणि वाचलं.

"काकू, हा कागद माझा ना?"

"हो गं बाळा."

"मग ह्याच्यावर ताईचं काय काम? तिचं सांगायचं असेल तर तिचा वेगळा कागद काढा. बी.कॉम. लिहा, काय काय येतं ते लिहा. माझ्या अंगावर तिला चिकटवू नका." आवाज जरासुद्धा चढला नाही. "असा कागद वाटून माझं लग्न जमणार असेल तर मला ते नकोच. काढून टाका मला."

आदल्या रात्री सरांना शिव्या देताना मी त्यांचंच 'ही ओळ कुणाची' घरभर दहादा म्हटलं होतं. ही मेली भाकरी थापत ऐकत होती तर! मी पर्स उचलली. काकू "अगं, तू कुठे निघालीस?" म्हणाल्या. मी सांगितलं, "जिथे माझी ओळ असेल तिथे." नाटकी वाटतं खरं, पण बोलले तसं. पुढे एका कॉलेजच्या ऑफिसात लागले.

वैशीचं जमलं ते कुठल्याच कागदावरून नाही. पेठच्या एका शाळेतले मास्तर शाळेच्या बागेसाठी गुलाबाची कलमं न्यायला मळ्यात आले. आधी माझ्याशी बोलले, कारण कलमं माझ्या ताब्यात. मग तिच्याशी बोलले. मग कलमं जळाली असं सांगून परत परत यायला लागले. एवढी कलमं कुणाची जळतात हो?

पत्रिका छापायच्या वेळी पुन्हा महाभारत. मामा म्हणाले, निमंत्रकांत थोरलीचं नाव नको. आडनाव सासरचं लिहायचं की माहेरचं? पाहुणे विचारतील, शुभकार्यात कशाला? मी म्हटलं, नका घालू, माझं काही अडलेलं नाही. अडलेलं होतं. चांगलं अडलेलं होतं. वैशी म्हणाली, "माझ्या लग्नाला माझी बहीण बोलावणार. नाहीतर पत्रिकाच नको." नानांनी चष्मा काढून मामांकडे बघितलं. "घाला. नाव बापाचं लावा. पोरगी माझी हाय," म्हणाले. मामा जेवणाच्या पंक्तीपर्यंत फुगलेले होते.

पत्रिका आली आणि मी ती घेऊन सिडकोत सरांच्या खोलीवर गेले. रस्त्यावर ओरडले होते त्यानंतर पहिल्यांदाच. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर एक कॅलेंडर. "या," म्हणाले, आणि मी बसायच्या आतच खिशातलं लाल पेन काढलं. बोलावणं केलंय, अहो, निदान वाचा तरी! छे. तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि काट मारत सुटले. नानांचं नाव तीनदा, दोन गेले. वैशीचं दोनदा, एक गेलं. कार्यालय, वार, मास्तरांचे वडील, सगळ्यांना रेघा. मी दात आवळून बघत होते. पेन खाली खाली येत निमंत्रकांपाशी आलं आणि एका नावावर थांबलं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"दुसरीकडे कुठे आलंय?"

"कुठेच नाही. एवढ्याच ठिकाणी आहे."

सरांनी पत्रिका उलटून मागची बाजू बघितली, परत पुढची बघितली. वरपासून खालपर्यंत एकदा बोट फिरवलं. मग पेनाला टोपण लावलं.

"मग हे राहू द्या," ते म्हणाले, आणि पत्रिका टोपलीत न टाकता कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवली.